तिसरी घंटा कोणी द्यायची?

चूक माझी होती, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या बालनाट्याचा प्रयोग लागला होता. जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, शाळेचं सभागृह, तीनशे खुर्च्या, जवळजवळ सगळ्या भरलेल्या. नाटक सुरू होण्याआधीच्या तीन घंटांसाठी आम्ही शाळेचीच विजेची घंटा वापरत होतो. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी झाली आणि त्याच क्षणी सगळे दिवे गेले, स्पीकरमधून राक्षसाच्या प्रवेशाचा ताशा कडाडला. पाचव्या रांगेत एक मुलगा किंचाळला आणि थांबेचना. कानांवर हात, डोकं गुडघ्यांत, मध्येच स्वतःच्या मनगटाला चावा. मी दाराशी उभा होतो. वाकून त्याच्या आईला अगदी मऊ आवाजात म्हणालो, "ताई, जरा बाहेर घेऊन जाता का? बाकीच्यांचा रसभंग होतोय."

वीस वर्षं नाटक करतोय. असं वाक्य आपोआप निघतं तोंडून.

व्हरांड्यात पाच-सात मिनिटांनी पोरगा निवला. आई म्हणाली, "भाऊ, मना आंडोर येडा नई शे. त्याले आवाज सहन व्हत नई." म्हणजे, माझा मुलगा वेडा नाही, त्याला आवाज सहन होत नाही. मग मी बहुधा अगदीच कोरा चेहरा केला असणार, कारण पुढचं त्या सावकाश, शाळेतल्या मराठीत बोलल्या. "पुढच्या वेळी घंटा किती होणार आणि दिवे कधी जाणार, एवढं आधी सांगाल का?"

त्यांनी तिकिटाचे पैसे मागितले नाहीत. घंटा बंद करा असंही म्हटलं नाही. आधी सांगा, एवढंच म्हणाल्या. यातला फरक माझ्या डोक्यात शिरायला पंधरा दिवस लागले.

डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत आम्ही काय केलं, काय जमलं आणि काय फसलं, ते इथे लिहितो आहे. घरच्यांना विचारून लिहितोय. मुलाला घरी भैय्या म्हणतात, तेच नाव ठेवलं आहे. खानदेशात दर दुसऱ्या घरात एक भैय्या असतो, तेव्हा तो ओळखू येण्याची भीती नाही. वय चौदा, निदान ऑटिझमचं. मराठीत 'स्वमग्न' म्हणतात, पण हा शब्द मला आता पटत नाही. स्वतःत मग्न असता तर घंटेने एवढा हैराण कशाला झाला असता? त्याला सगळंच एकदम ऐकू येतं, हाच तर त्रास आहे.

मिक्सरचं बटण

जानेवारीत त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण चहा होईपर्यंत वेगळंच काहीतरी बघायला मिळालं. आईला शेंगदाण्याची चटणी वाटायची होती. त्यांनी भांडं लावलं आणि हाक मारली, "भैय्या, बटन." पोरगा आला, मिक्सरचं बटण त्याने स्वतः फिरवलं, तो कर्कश आवाज पूर्ण होईपर्यंत शांत उभा राहिला आणि बंद करून निघून गेला. आई म्हणाल्या, "मी लावला तर घर डोक्यावर घेतो. त्याने लावला तर काही नाही."

नंतर वाचनात आलं की लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरचा जो लेख लिहिला, ज्यातून ऑटिझम हे निदान पुढे आलं, त्यात हेच नोंदवलेलं आहे. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचं यंत्र यांच्या आवाजाला ही मुलं घाबरतात, पण तेवढाच मोठा आवाज स्वतः करताना खुशीत असतात. कॅनर यांनी त्याचा अर्थ लावला तो मुलांना एकटं राहायला आवडतं असा. भैय्याच्या आईचं म्हणणं सोपं आहे. स्वतः केलेला आवाज कधी येणार हे माहीत असतं. मला आईचं म्हणणं जास्त पटतं. संवेदनांचा हा सगळा भाग अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतल्या निकषांत आला तो थेट २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. म्हणजे सत्तर वर्षांनी.

आणखी एक. घरात सगळे अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, आणि भैय्या बोलतो हिंदी. तीही कार्टूनमधली, चढउतारांसकट. "चलो दोस्तों, आज हम देखेंगे" अशा सुरात तो पाणी मागतो. अशी मुलं घरच्या भाषेआधी पडद्यावरची भाषा उचलतात, हे अनेक पालक सांगतात. आजीला मात्र याचं फार वाईट वाटतं. नातू आपल्याशी टीव्हीसारखा बोलतो, म्हणते.

हे परदेशी खूळ आहे का?

संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच आला. मी थोडं वाचून गेलो होतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ च्या ऑक्टोबरात 'द लायन किंग'चा एक प्रयोग ऑटिस्टिक प्रेक्षकांसाठी झाला. थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेने तो घडवला. आवाज खाली आणले, डोळ्यांवर येणारे दिवे काढले, बाहेर शांत बसायला जागा केली. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' म्हणतात आणि तिथल्या मोठ्या नाट्यगृहांत ते नेमाने होतात. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम एकवीस दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि त्याच कायद्याचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्काचं आहे. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही असते. तिथे मुलं रंगमंचावर असतात. नेहमीच्या नाटकाला तिकीट काढून खुर्चीत बसायचं कसं, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

कायद्याचं कलम ऐकून कोणी हललं नाही. हलले ते आप्पांच्या बोलण्याने. आप्पा आमचे सत्तरीचे राक्षस, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. ते म्हणाले, "वहीगायनाला लोक काय गप्प बसायचे? पोरं मांडीवर झोपायची, म्हाताऱ्या उठून जायच्या, परत यायच्या. डफ चालूच. अंधारात चिडीचूप बसायचं हे आपण नंतर शिकलो."

बरोबर आहे. वहीगायन म्हणजे डफावर गाऊन कथा सांगायची खानदेशातली लोककला. कानबाई या इकडच्या देवीच्या उत्सवात रात्री अंगणात गाणी चालतात तेव्हा कोणी कोणाला शूऽऽ करत नाही. पण एवढ्यावर छाती फुगवायचं कारण नाही. त्याच अंगणात कर्णा लागला, डीजे आला की भैय्यासारखा पोरगा घराच्या मागच्या खोलीत उशी डोक्यावर घेऊन बसतो. मोकळेपणा आपल्याकडे होता, शांतता मात्र कधीच नव्हती.

घंटेवरून भांडण

बाकी बदल भराभर मान्य झाले. पूर्ण अंधार रद्द, त्याऐवजी डिमरवर निळा उजेड. ताशा स्पीकरवरून नाही तर विंगेत, हलका, आणि हळूहळू चढणारा. चकाकणारे दिवे काढले. उठा, फिरा, बोला, बाहेर जा, परत या, काही हरकत नाही, असं निवेदनात सांगायचं. शाळेच्या वाचनालयात सतरंज्या टाकून शांत खोली. जळगावच्या एमआयडीसीत कामगारांच्या सुरक्षेचं सामान मिळतं, तिथून कानांवर लावायचे दहा इअर मफ आणले.

अडलं ते घंटा काढण्यावर. आप्पाच अडले. "तिसऱ्या घंटेशिवाय प्रयोग म्हणजे मंगलाष्टकांशिवाय लग्न. राक्षस मी नाही करत मग." दोन बैठका यातच गेल्या. मला नांदीचं सोवळं नाही, पण तिसऱ्या घंटेला माझ्याही पोटात गोळा येतो, तेव्हा आप्पांना मनापासून विरोध करता येईना.

भैय्याला तालमीला बोलावलं, सवय व्हावी म्हणून. सुरुवातीला वर्तुळात बसायचो. केली हंटर या इंग्रज दिग्दर्शिकेने शेक्सपिअरच्या नाटकांतून ऑटिस्टिक मुलांसाठी खेळ रचले आहेत. त्यात सगळे छातीवर हात ठेवून हृदयाच्या ठोक्यावर 'हॅलो' म्हणतात. आम्ही 'राम-राम' घेतलं, दोन ठोक्यांत चपखल बसतं. भैय्याने छातीला हात लावायला नकार दिला आणि फरशीवर बोटं आपटून ठोका धरला. चाललं तेही.

त्याच दिवशी आप्पा घंटेचं पालुपद पुन्हा लावून बसले होते. भैय्याने भिंतीवरच्या विजेच्या घंटेकडे बघत विचारलं, "अभी बजेगा?" मी म्हटलं, नाही. एका मिनिटाने पुन्हा, "अभी बजेगा?" अकरा वेळा. बाराव्या वेळी आप्पाच बोलले, पण माझ्याशी. "एसटीत एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डोळे मिटून झोपलेल्या ड्रायव्हरलासुद्धा कळतं... म्हणजे झोपत नाही कोणी, पण समजा. बेल सांगायला असते. ही कार्टी बेल काही सांगतच नाही, नुसती अंगावर येते."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी घरातली पितळेची हातघंटा आणली आणि पुठ्ठ्यावर १, २, ३ असे आकडे काढले. आधी आकडा दाखवायचा, मनात पाच मोजायचे, मग घंटा. वाजवायची कोणी, हे कोणी ठरवलं नाही. भैय्याने ती आप्पांच्या हातातून काढून घेतली.

पडदा निळा निघाला

आई-बापांना व्हॉट्सॲपवर पाठवायला आम्ही बारा पानांची पुस्तिका केली. अमेरिकेतल्या कॅरल ग्रे यांनी अशा आधी सांगणाऱ्या छोट्या गोष्टींची पद्धत रूढ केली, तिच्यावरून. फाटकाचा फोटो, तिकीट खिडकीचा फोटो, आप्पांचा साधा चेहरा, मग अर्धा रंगवलेला, मग पूर्ण राक्षस. फोटोखाली एकेक ओळ, मराठीत आणि हिंदीत. "दिवे कमी होतील. पूर्ण अंधार होणार नाही."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी प्रयोग. वेगळा 'विशेष' प्रयोग करायचा नाही, ही भैय्याच्या आईची अट होती. "सगळ्यांसोबत बसायचं आहे. वेगळं बसवायला आम्हाला घर आहे." एका विशेष शिक्षिकेचं मत उलट होतं. पहिल्यांदा गर्दी नको, फक्त आपलीच कुटुंबं असू द्या. दोघींचंही खरं. आम्ही मधला मार्ग काढला. तीनशेपैकी एकशे साठच तिकिटं विकली, त्यात नऊ कुटुंबं ऑटिस्टिक मुलांची, त्यांना कडेच्या खुर्च्या. इअर मफ, रंगीत छपाई, सतरंज्यांचं भाडं मिळून चार हजारांच्या आत गेलं. खरा खर्च रिकाम्या खुर्च्यांचा. एकशे चाळीस खुर्च्या, पन्नास रुपये तिकीट, सात हजार. हे आकडे मुद्दाम लिहितोय, कारण 'फक्त मनाची तयारी हवी' असं जे बोलतात त्यांनी कधी सभागृहाचं भाडं भरलेलं नसतं.

दोन गोष्टी फसल्या. पहिली कूलरची. खानदेशातला एप्रिल, चाळिशीपार पारा, सभागृहात चार मोठे कूलर घरघरत होते. आवाज नको म्हणून मी ते बंद करायला लावले. दहा मिनिटांत सगळे घामाघूम, आणि शांत बसलेली दोन मुलं उठून फेऱ्या मारायला लागली. एका वडिलांनी सांगितलं, "कूलर लावा हो. त्या आवाजातच तर तो बसतो." सलग घरघर त्यांना नकोशी नव्हतीच. बाकीचे आवाज ती झाकून टाकते. कूलर लावले, तसा तो मुलगा कूलरच्या जाळीला पाठ लावून उरलेलं नाटक बघत बसला.

दुसरी चूक पडद्याची. पुस्तिकेतला पडदा लाल. मधल्या काळात सभागृहवाल्यांनी तो धुवायला काढून निळा लावला होता, आणि आम्हा कोणाच्या ते मनातही आलं नाही. सात वर्षांची एक मुलगी दारात थांबली. मोबाईलमधला फोटो बघे, पडदा बघे, पुन्हा फोटो. पाऊल पुढे टाकेना. शेवटी आमच्या नेपथ्यवाल्याने सामानातून लाल कापडाचा तुकडा आणून निळ्या पडद्याच्या कोपऱ्याला टाचला. ती आत आली. नाटकभर तिने तो तुकडा पाहिला, राक्षस नाही. तिच्या वडिलांना त्यात वावगं काही वाटलं नाही. तासभर कुठेतरी सगळे एकत्र बसलो, म्हणाले.

आणि घंटा? भैय्याने आकडे दाखवले, पाच मोजले, तीन घंटा दिल्या. तिसरी जरा जोरातच.

शाल

भैय्या तालमींना यायचा थांबला नाही. महिनाभरात त्याचं नाटक पाठ झालं आणि तो संवाद नटांच्या आधी बोलायला लागला. परीचं काम करणारी मुलगी रडकुंडीला आली. मग लक्षात आलं की प्रकाशयोजनेच्या जागाही त्याला पाठ आहेत. दिवेवाला विसरला की खालून आवाज यायचा, "नीला." त्याला दिवेवाल्याशेजारी बसवलं, क्यू सांगायला, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा याचा इशारा द्यायला.

आता इथे 'देव एक दार बंद करतो' छापाचं काही लिहायचा मोह होतो, तो आवरतो. भैय्या काही चमत्कार नव्हता. समोरून मांजर गेलं तरी त्याचे क्यू चुकायचे. बाकी आठ मुलांपैकी कोणालाही दिव्यांत रस नव्हता, एकाला फक्त खुर्च्या रांगेत लावायच्या होत्या.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, शेजारच्या तालुक्यात तिसरा प्रयोग. आदल्या रात्री परीचं काम करणारी मुलगी तापाने फणफणली. तिचा जंगलातला प्रवेश आम्ही कापला, संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले. प्रयोगात ती जागा आली. भैय्या म्हणाला, "जंगल." दिवेवाला म्हणाला, "नाही रे, आज नाही." "जंगल." मग ओरडून, "जंगल!" त्याने दिवेवाल्याला बोर्डावरचा हात काढू दिला नाही. हिरवा उजेड रंगमंचावर तसाच राहिला आणि आप्पा त्यात एकटे उभे. चार मिनिटं. आप्पांनी खाली पडून घोरायला सुरुवात केली, लोक हसले, कसंबसं निभावलं.

नंतर सगळे म्हणाले, पोराला एवढी जबाबदारी द्यायलाच नको होती. मी ग्रुप उघडून बघितला. सत्तावीस जण, चहावालासुद्धा. भैय्या नाही, त्याची आई नाही. बदल सगळ्यांना सांगितला होता, फक्त क्यू देणाऱ्याला सांगितला नव्हता. डिसेंबरात त्याच्या आईने जेवढं मागितलं होतं, नेमकं तेवढंच आम्ही पुन्हा चुकवलं.

त्याच संध्याकाळी आणखी एक झालं. प्रयोग संपल्यावर नटांना, दिवेवाल्याला, रंगभूषाकाराला पाकिटं मिळाली. तीनशे रुपये प्रवासखर्च. भैय्याला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. ती शाल खरखरीत लोकरी, मे महिन्यात. त्याने ती खांद्यावरून झटकून जमिनीवर टाकली आणि नारळ आप्पांच्या हातात देऊन विंगेत गेला. यजमान ओशाळले. आई ओशाळली नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "बाकीच्यांना पाकीट होतं ना?"

मी यावर फार विचार केला आहे. सत्कार करताना आपण समोरच्याला पाहुणा करून टाकतो. पाहुण्याला ग्रुपमध्ये घेत नाहीत, पाकीट देत नाहीत, बदल सांगत नाहीत. नऊ तालमी आणि दोन प्रयोग तो आमच्यासोबत होता, पण आमच्या हिशेबात तो अजून पाचव्या रांगेतच होता.

पुढच्या बैठकीत तीन ठराव झाले. भैय्या आणि आई ग्रुपमध्ये. मागच्या प्रयोगांचे पैसे धरून पाकीट. आणि प्रत्येकाकडे, आप्पांकडेसुद्धा, एक लाल कार्ड. ते दाखवलं की 'नाही', आणि कारण विचारायचं नाही. आप्पांनी पहिल्याच तालमीत ते मला दाखवलं, जिना चढायला सांगितल्यावर.

जूनमध्ये नव्या नाटकाचं वाचन झालं. भैय्या आला, पूर्ण ऐकलं, उठला आणि लाल कार्ड टेबलावर ठेवून घरी गेला. मला अजून कारण माहीत नाही. कथा आवडली नसेल, किंवा घंटेचा कंटाळा आला असेल. आईला फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, तो बघायला येणार आहे, दोन तिकिटं ठेवा, कडेची.

घंटा सध्या आप्पांकडे आहे. नव्या पुस्तिकेचे फोटो येत्या रविवारी काढायचे आहेत, त्याआधी पडदा कोणता लागणार हे सभागृहवाल्यांना विचारून घ्यायचं आहे.